वरच्या मजल्यावरचं ऑफिस, दुपारची पेंग आणि रिनोव्हेशनचा खर्च: आधी कुठे हात घालायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ वीस-बावीस वर्षं जुनी बिल्डिंग, सगळ्यात वरचा मजला, साधारण २२०० स्क्वेअर फूट, ३० माणसं, काम अकाउंटिंग आणि डेटा एंट्रीचं, पश्चिमेला रस्त्याच्या बाजूने मोठी काच. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर एंट्रीतल्या चुका वाढतात, निम्मे लोक एसी १८ वर करा म्हणतात आणि निम्मे स्टोल गुंडाळून बसतात. तुमच्या डोक्यात रिनोव्हेशन आहे, म्हणजे नवीन फॉल्स सीलिंग, काचेच्या केबिन आणि एसी १० टनांवरून १६ टनांवर. आणि तुम्ही विचारताय की ऑफिसातल्या हवेचा कामावर खरंच एवढा परिणाम होतो का की स्टाफ कारणं सांगतोय, आणि होत असेल तर पैसे नक्की कुठे घालायचे.

स्टाफ कारणं सांगत नाहीये. परिणाम होतो, आणि तुम्ही सांगताय ती लक्षणं अगदी ओळखीची आहेत. पण १६ टन हे त्यावरचं उत्तर नाही. मी बरीच वर्षं नाशिकमध्ये एसी आणि व्हेंटिलेशनचं डिझाइन करतोय, सातपूर-अंबडच्या कंपन्यांची ऑफिसं, कॉलेज रोडचे क्लासेस, गंगापूर रोडचे दवाखाने, आणि वरच्या मजल्यावर नुसतं टनेज वाढवून तक्रार मिटली असं क्वचितच बघितलंय. बिल मात्र दरवेळी वाढतं.

आधी कामावरच्या परिणामाचं बोलू. यावर जगात भरपूर अभ्यास झालेत. सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो सेपानेन आणि फिस्क यांच्या २००६ च्या कामाचा, त्यांनी ऑफिसकामावरचे २४ अभ्यास एकत्र करून आलेख काढला. त्यात काम सगळ्यात चांगलं होतं २१-२२ अंशांच्या आसपास आणि ३० अंशांना ते साधारण ९ टक्के घसरतं. आता हे वाचून कोणी म्हणेल की मग एसी २१ वर लावा. तर थांबा, यातले बरेचसे अभ्यास थंड देशांतले, तिथली माणसं, तिथले कपडे. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या टीमने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या ऑफिसांमध्ये हजारो लोकांना प्रत्यक्ष जागेवर विचारून २०१४ मध्ये भारतीयांसाठी वेगळं मॉडेल मांडलं, त्याला आयमॅक म्हणतात. त्यातलं सूत्र नाशिकला लावून बघा. मेमध्ये दिवस-रात्र मिळून बाहेरची सरासरी ३० अंश धरली तर खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या ऑफिसात लोकांना साधारण २९ अंशही चालतात, आणि कधी एसी कधी खिडकी अशा ऑफिसात बरोबर मध्य येतो २६ च्या थोडा वर. म्हणजे आपल्या लोकांना २१ ची गरजच नाहीये. त्यांना २६ हवंय, पण खरं २६, नुसतं रिमोटवरचं नाही.

आता हे खरं २६ म्हणजे काय, इथेच सगळी गोम आहे.

माणसाला गरम वाटतं की गार हे फक्त हवेच्या तापमानावर ठरत नाही. ओली फॅंगर नावाच्या डॅनिश प्राध्यापकाने १९७० मध्ये हे नीट मांडलं, सहा गोष्टी असतात: हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-छत-काचेचं तापमान, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर किती काम करतंय ते. एसीचा सेन्सर यातली एकच गोष्ट मोजतो, तीही भिंतीवर उंच, इनडोअर युनिटच्या तोंडाशी. तुमच्या ऑफिसात पहिल्या नंबरपेक्षा दुसरा नंबर जास्त त्रास देतोय, असं मला तुमच्या वर्णनावरून स्पष्ट दिसतंय.

शरणपूर रोडच्या एका ऑफिसात मी मेच्या दुपारी चार वाजता इन्फ्रारेड गन घेऊन उभा होतो. तिथले मालक म्हणत होते एसी खराब आहे, कंपनीचा माणूस म्हणत होता एसी ठीक आहे, गॅस पण बरोबर आहे. टेबलावर ठेवलेल्या थर्मामीटरवर हवा २५, म्हणजे कंपनीचा माणूस खोटं बोलत नव्हता. मग गन वर केली तर स्लॅबची खालची बाजू ४१. पश्चिमेच्या काचेच्या आतला पडदा ४४. आणि त्या काचेजवळ बसलेल्या मुलाच्या कपाळावर घाम. चार टेबलं सोडून आतल्या भिंतीशी युनिटच्या बरोबर खाली बसलेल्या ताईंनी स्वेटर घातलेला. एकच हॉल, एकच सेटिंग. त्या मुलाचं शरीर छत आणि काचेकडून उष्णता थेट शोषून घेतंय, मधली हवा कितीही गार असली तरी. त्याच्यासाठी एसी १८ केला की त्या ताई गारठतात. दोघंही खरं सांगतायत, त्यांना आपसात भांडायला लावणारी गोष्ट डोक्यावरचा स्लॅब आहे.

नाशिकमध्ये मेमध्ये उघडी गच्ची दुपारी सहज ६० अंशांवर जाते. आणि ती उष्णता पाच-सहा इंची स्लॅबमधून खाली उतरायला तीन-चार तास घेते. त्यामुळे गच्ची सगळ्यात तापते दीड-दोनला आणि तुमचं छत सगळ्यात तापतं साडेचार-पाचला. तुमच्या चुका तीननंतर वाढतात ना? जेवणानंतरची सुस्ती असतेच, ती कोणी नाकारत नाही, पण जानेवारीत पण लोक जेवतातच की. जानेवारीतल्या तीन ते सहाच्या चुका आणि मेमधल्या तीन ते सहाच्या चुका शेजारी ठेवून बघा, तुमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये वेळेसकट रेकॉर्ड असणारच.

आता ढोबळ हिशोब मांडतो, कारण पैसे कुठे घालायचे ते यातूनच कळतं. २२०० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण २०४ चौरस मीटर. वर काहीच ट्रीटमेंट नसलेल्या स्लॅबमधून, बाहेर ६० आत २६ धरून, पीकला, म्हणजे सगळ्यात तापलेल्या वेळी, जवळपास २२-२३ किलोवॅट उष्णता येऊ शकते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे सहा-साडेसहा टन. स्लॅबच्या जाडीमुळे प्रत्यक्षात पीक थोडा बसतो, पाच धरा. पश्चिमेची काच २०० स्क्वेअर फूट असेल आणि साधी पांढरी असेल तर संध्याकाळच्या उन्हात अडीच टन तिथून. ३० माणसांची अंगाची उष्णता एक टनाच्या थोडी वर. कॉम्प्युटर पाऊण ते एक. लाइट अर्धा. भिंती आणि बाकी किरकोळ दीड. बेरीज करा, साडेअकरा टनांच्या आसपास झाले, आणि त्यातले साडेसात एकट्या छत आणि काचेतून. व्हेंडरला वाटतं १० कमी पडतायत म्हणून तो १६ सांगतो, त्याच्या बाजूने त्याचं गणित चुकीचं नाही. पण तो पाणी उपसायला मोठा पंप सुचवतोय आणि नळ बंद करायचं कोणी बोलतच नाहीये.

गच्ची पांढरी केली, म्हणजे चांगल्या प्रतीचा कूल रूफ कोट किंवा आपला नेहमीचा चायना मोझॅक, पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा, तर पृष्ठभाग ६० च्या ऐवजी ४० च्या थोडा वर राहतो आणि स्लॅबमधून येणारी उष्णता निम्म्याने कमी होते. त्याच्या खाली दोन इंची एक्सपीएस (दाट फोमच्या) शीटचं इन्सुलेशन टाकून वर कोबा केला तर पीकला एक टनाच्या आसपास उरते. दोन्हीतलं काय करायचं ते गच्चीच्या आत्ताच्या अवस्थेवर ठरतं. वॉटरप्रूफिंग मुळात गळत असेल, जुना ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा फुगला असेल, तर तो तसाही काढावा लागणार, मग त्याच खर्चात इन्सुलेशन घालून घ्या, परत ती संधी दहा-पंधरा वर्षं येत नाही. कोबा चांगला असेल तर फक्त कोट. कोट घेताना एसआरआय व्हॅल्यूचं, म्हणजे पृष्ठभाग ऊन परत फेकून किती गार राहतो त्या आकड्याचं, टेस्ट सर्टिफिकेट मागा, दुकानात पांढरा म्हणून मिळणारा प्रत्येक डिस्टेंपर कूल रूफ नसतो. आणि नाशिकच्या धुळीत पांढरी गच्ची मार्चपर्यंत मातकट होते, दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी एकदा पाणी मारून झाडून घ्यायची, नाहीतर अर्धा फायदा गेला. खर्चाचं म्हणाल तर नुसता कोट तीन टनाच्या दोन कॅसेट (छतात बसणाऱ्या) एसींपेक्षा कमीच पडेल, कोटेशन घेऊन ताडून बघा.

एक अडचण आहे ती आत्ताच सांगतो. गच्ची तुमची नाही, बिल्डिंगची आहे. ऑफिस भाड्याचं असेल तर मालक म्हणेल मला काय फायदा, सोसायटी म्हणेल आमच्या गच्चीला हात लावू नका. बोलणी करताना वॉटरप्रूफिंग हा शब्द पुढे ठेवा, कारण गळती थांबणं हा त्यांचा फायदा आहे आणि गारवा हा तुमचा. परवानगी लेखी घ्या, पाच-सात वर्षांचं लीज रिन्यू होत असेल तर खर्चातला मालकाचा वाटा त्यातच लिहून घ्या. तीन वर्षांनी सोडायची जागा असेल तर इन्सुलेशनच्या भानगडीत पडू नका, कोट आणि पंखे एवढ्यावर भागवा.

काचेचं बघू. नाशिक २० अक्षांशावर आहे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींवर जवळपास पडतच नाही, ते गच्चीवर पडतं. संध्याकाळी चारनंतर मात्र ते खाली येऊन पश्चिमेच्या काचेत सरळ घुसतं. दक्षिणेच्या खिडकीला साधा दोन फुटी छज्जा पुरतो, पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही कारण ऊन छज्ज्याच्या खालून येतं. तिथे उभ्या फिन किंवा बाहेरून जाळी लागते. बाहेरून हा मुद्दा महत्त्वाचा. आतल्या व्हेनिशियन ब्लाइंडला ऊन आदळेपर्यंत ते काचेच्या आत आलेलं असतं, मग ब्लाइंडच हीटर होतो, ते ४४ अंश आठवा. बाहेर छिद्रांची अॅल्युमिनियम शीट, बांबूची चिक, अगदी शेतीवाल्या शेडनेटचं नीट फ्रेममध्ये बसवलेलं काम सुद्धा चांगल्या इम्पोर्टेड फिल्मपेक्षा जास्त उष्णता अडवतं. बिल्डिंगचा चेहरा बदलतो म्हणून इथेही सोसायटीची परवानगी लागेल. काच बदलणारच असाल तर एसएचजीसी विचारा, म्हणजे उन्हाच्या उष्णतेतला किती भाग काचेतून आत येतो तो आकडा, साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, तुम्हाला पश्चिमेला ०.३ च्या खाली हवा.

हे दोन केलंत की तुमची बेरीज सात-आठ टनांवर येते. आणि तुमच्याकडे १० आहेत. म्हणजे एसी नवीन घेतले तरी जुने म्हातारे झाले म्हणून घ्याल, कमी पडतात म्हणून नाही.

आता दुसरा अर्धा प्रश्न, आणि माझ्या मते हा पहिल्यापेक्षाही मोठा आहे: ताजी हवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. कॅसेट पण नाही, वेगळा डक्ट जोडल्याशिवाय. हे मी दर दुसऱ्या मीटिंगमध्ये सांगतो आणि दर दुसऱ्या मीटिंगमध्ये लोकांना धक्का बसतो, कारण एवढा गार वारा येतोय म्हणजे कुठूनतरी हवा येतेयच असं वाटतं. नाही येत. तीच खोलीतली हवा गार करून परत तोंडावर मारली जाते. दारं-खिडक्यांच्या फटीतून येईल तेवढीच नवीन. आणि रिनोव्हेशनमध्ये आपण नेमकं काय करतो, तर त्या फटी सिलिकॉनने बंद करतो.

तुमच्या काचेच्या मीटिंग रूमचं गणित करून बघा. १२ बाय १५, उंची १० फूट, आत आठ माणसं. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ जणांचे १४४ लिटर, खोलीतली हवा ५१ हजार लिटर. दार बंद, हवा बदलत नाही असं धरलं तर तासाला २८०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) वाढ. बाहेर असतो ४२० च्या आसपास, आत सुरुवात ६०० ने झाली तर अर्ध्या तासात २००० वर. मीटिंग लांबली की जांभया का सुरू होतात याचं मोठं कारण हे आहे.

यावरचे अभ्यास सांगतो आणि त्यांच्या मर्यादाही, कारण हल्ली हे आकडे दाखवून मशीन विकणारे खूप फिरतात. अमेरिकेत २०१२ मध्ये सतीश आणि सहकाऱ्यांनी २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएममध्ये बसवून निर्णय घेण्याच्या चाचण्या दिल्या, १००० ला काही बाबतीत घसरण दिसली आणि २५०० ला मोठी. मग हार्वर्डच्या टीमचा अभ्यास आला, छापला २०१६ मध्ये, २४ जण, नेहमीच्या ऑफिससारख्या हवेच्या मानाने रसायनं कमी असलेल्या हवेत गुण ६१ टक्क्यांनी जास्त आणि वर ताजी हवाही वाढवलेल्या दिवशी १०१ टक्क्यांनी. आकडा भारी आहे, पण २४ माणसं आणि एका विशिष्ट चाचणीतले गुण आहेत, तुमच्या ऑफिसचं काम दुप्पट होईल असा अर्थ अजिबात नाही. उलट डेन्मार्कमध्ये झालेल्या एका प्रयोगात सिलिंडरमधला शुद्ध कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमपर्यंत नेला तरी लोकांच्या कामावर फरक दिसला नाही, पण तोच आकडा माणसांच्या श्वासाने आणि अंगाने तयार झाला तेव्हा डोकेदुखी, पेंग आणि कामात घसरण दिसली. माझं मत या शेवटच्या बाजूने झुकतं. पीपीएमचा आकडा हा हवा किती उष्टी झालीय ते सांगणारा काटा आहे. काटा खाली आणायचा म्हणजे हवा बदलायची. एअर प्युरिफायरने तो खाली येत नाही, प्युरिफायर धूळ पकडतो, त्याचा उपयोग वेगळा.

किती हवा लागते? ऑफिससाठी जगभर वापरला जाणारा अॅश्रेचा (एसी-व्हेंटिलेशन इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचा) नियम धरला तर माणशी सेकंदाला साडेआठ लिटरच्या आसपास. ३० जणांना साधारण ५४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५४० घनफूट. लोक घाबरतात की मेमध्ये ३८ अंशांची हवा आत घेतली तर एसीचं काय होईल. हिशोब करा: तेवढी हवा ३८ वरून २६ वर आणायला एक टनाच्या जरा वर लागतं, बस. पावसाळ्यात दमटपणा काढावा लागतो म्हणून थोडं जास्त. तुमचा स्लॅब फुकटात पाच टन खातोय आणि आपण एका टनाच्या ताज्या हवेची काटकसर करतोय. गच्चीच्या कामातून वाचलेल्या टनांतला एक-दीड टन ताज्या हवेवर खर्च करा, स्टाफला त्याचा जेवढा फायदा होईल तेवढा दुसऱ्या कशाचाच होणार नाही.

हवा आणायची कशी, तर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीतून फिल्टर लावलेला इनलाइन फॅन आणि डक्ट, मीटिंग रूम आणि केबिनमध्ये एकेक तोंड, आणि पॅन्ट्री-टॉयलेटच्या बाजूने एक्झॉस्ट. रस्त्याच्या बाजूने हवा घेऊ नका, मुंबई नाक्याचा डिझेलचा धूर आणि धूळ थेट आत येईल. फिल्टर चांगल्या ग्रेडचा घ्या आणि तो महिन्याला कोण काढून बघणार त्या माणसाचं नाव ठरवा, नाव नसलं की वर्षभरात फिल्टर गोधडीसारखा होतो आणि फॅन नुसता आवाज करतो. बजेट असेल तर ईआरव्ही मशीन घ्या, ते बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून आत येणाऱ्या हवेला थोडं गार करून घेतं. नसेल तर साधा फॅन पण चालेल.

काचेच्या केबिन करायच्याच असतील तर वरचा फूट-दीड फूट मोकळा सोडा किंवा जाळी घाला. पूर्ण बंद केबिनला स्वतःचा एसी, स्वतःचा ताज्या हवेचा डक्ट आणि परतीचा मार्ग तिन्ही लागतात, इंटिरियरवाला फक्त पहिलं देतो.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं स्पष्ट मत, वरच्या मजल्यावर ते उष्णतेवरचा उपाय म्हणून करू नका. हवेच्या थरामुळे थोडा फरक पडतो हे खरं, पण त्या बदल्यात उंची जाते, सीलिंग फॅन जातात, आणि पावसाळ्यात स्लॅब गळला तर जिप्समवर बुरशी येईपर्यंत कळत नाही. आणि नाशिकची सगळ्यात मोठी देणगी आपण गमावतो, ती म्हणजे रात्र. मेमध्ये दिवसा ३८-४० असलं तरी पहाटेपर्यंत पारा २२-२३ वर येतो. भद्रकाली-सराफ बाजारातले जुने वाडे यावरच चालायचे, जाड भिंती आणि चौकातून रात्रभर उतरणारी गार हवा. तुमच्या ऑफिसात रात्री दहा ते सकाळी सात दोन मोठे एक्झॉस्ट फॅन टायमरवर लावले, समोरच्या बाजूने जाळीच्या खिडक्या उघड्या राहतील अशी सोय केली, तर स्लॅब आणि भिंती रात्रीत गार होतात आणि सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत एसी लावायची वेळ येत नाही. स्लॅब फॉल्स सीलिंगने झाकला तर रात्रीची हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सिक्युरिटीचा प्रश्न आहे, ग्रिल लागेल, पण ग्रिल एसीपेक्षा स्वस्त असतं.

पंख्यांकडे आपल्याकडे ऑफिसवाले कमीपणाने बघतात ते मला पटत नाही. अंगावर हळू वारा असेल तर तीच जागा दोन-तीन अंश गार वाटते. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. एसी २६ वर आणि वर पंखा, हे २३ च्या एसीएवढंच गार लागतं, आणि बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) हिशोबाने एसीच्या प्रत्येक अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते. सरकारने २०२० पासून नवीन एसी २४ च्या डिफॉल्टवर यायला लावले त्यामागे हाच विचार आहे. पंख्याचा आणखी एक मोठा गुण: तो ज्याच्या त्याच्या हातात असतो. दर चार-सहा टेबलांमागे एक पंखा आणि त्याचा रेग्युलेटर तिथल्या लोकांकडे द्या, रिमोटवरची भांडणं बरीचशी तिथेच थांबतात.

त्या भांडणात एक गोष्ट लक्षात घ्या. बायकांना थंडी जास्त वाजते हे लाड नाहीत. फॅंगरच्या काळातली शरीराच्या उष्णतेची गणितं चाळिशीतल्या ७० किलोच्या पुरुषावर बेतलेली होती, हे २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. बर्लिनमध्ये ५४३ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात खोली उबदार असताना मुलींची गणितं आणि शब्दांची कोडी जास्त सुटली, मुलांची थोडी कमी झाली पण मुलींचा फायदा मुलांच्या तोट्यापेक्षा जास्त होता. तुमच्या स्टाफमध्ये बायका जास्त असतील तर १८-२० वर चालणारा एसी तुम्ही स्वतः पैसे भरून काम कमी करून घेताय असं समजा. इनडोअर युनिटचा झोत कोणाच्याही मानेवर येणार नाही अशी टेबलांची मांडणी, हे तर फुकटात होतं.

पावसाळा आणि थंडीचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकमध्ये उकाडा कमी आणि ओल जास्त. तेव्हा गरजेपेक्षा मोठा एसी उलटा त्रास देतो, दहा मिनिटांत तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद पडतो, हवेतलं पाणी निघतच नाही, ऑफिस गार आणि चिकट राहतं, कारपेटला वास येतो. १६ टन घेऊ नका म्हणतो त्याचं हे दुसरं कारण. दमटपणा ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, ड्राय मोड वापरा. उन्हाळ्यात पॅसेज आणि पॅन्ट्रीला डक्टवाला कूलर मस्त चालतो कारण हवा कोरडी असते, पण जूनमध्ये तो बंद म्हणजे बंद. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा तुमच्याकडेही सकाळी नऊला बोटं गारठून टायपिंग मंदावतं, नवीन एसी घेताना हॉट अँड कोल्ड मॉडेल घ्या म्हणजे तो प्रश्न सुटला.

पैशाचं. ३० माणसं, सरासरी पगार २५ हजार धरला तर महिन्याला साडेसात लाख, वर्षाला ९० लाख. विजेचं बिल उन्हाळ्यात समजा ४५ हजार. सगळं रिनोव्हेशन वीज किती वाचली यावर तोललं तर ते कधीच पटत नाही. पण कामात फक्त एक टक्का फरक पडला तरी वर्षाला ९० हजार, आणि तुमच्या धंद्यात एक चुकीची एंट्री शोधायला दोन माणसांची अख्खी दुपार जाते ते वेगळंच. अभ्यासातले ९ टक्के धरू नका, दोन धरा, तरीही गच्चीचा कोट आणि ताज्या हवेचा खर्च दीड-दोन वर्षांत निघायला हरकत नाही.

मात्र मोजून करा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले, त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की आपल्याकडे लक्ष दिलं जातंय एवढ्यानेही लोक काही दिवस चांगलं काम करतात. त्यावर नंतर बरेच वाद झाले, पण नवीन ऑफिसात पहिल्या महिन्यात सगळे खूश असतात हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून आताच तापमान नोंदवत राहणारे चार स्वस्त डेटा लॉगर टेबलांच्या उंचीवर ठेवा, एक पश्चिमेच्या काचेशी, आणि एक एनडीआयआर (इन्फ्रारेडने मोजणाऱ्या) सेन्सरवाला सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा मीटर मीटिंग रूममध्ये. ईसीओटू लिहिलेले स्वस्त मीटर घेऊ नका, ते दुसरेच वायू मोजून अंदाज दाखवतात. दोन आठवड्यांचं रीडिंग आणि त्याच दोन आठवड्यांच्या चुका, तासाप्रमाणे, एका शीटमध्ये. काम झाल्यावर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत.

इंटिरियरचं काम झाल्यावर लगेच राहायला जाऊ नका. नवीन प्लाय, लॅमिनेट, अॅडेसिव्ह, पेंट यातून फॉर्माल्डिहाइड आणि बाकी रसायनं आठवडे निघत राहतात, डोळे चुरचुरणं आणि डोकं जड होणं त्यातूनच. ई झिरो किंवा ई वन (कमी फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या) ग्रेडचा बोर्ड मागा, बिलावर लिहून घ्या, आणि काम संपल्यावर निदान दहा-पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवून एक्झॉस्ट चालू ठेवा. मुहूर्त दिवाळीचा असेल तर सुतारकाम दसऱ्याच्या आधी संपलं पाहिजे.

क्रम असा लावा. गच्चीची परवानगी मागायला आजच सुरुवात करा, कारण ते काम पावसाच्या आधी, मेअखेर संपायला हवं, नाहीतर एक वर्ष गेलं. त्याच्या पाठोपाठ पश्चिमेची जाळी. मग एक आख्खा महिना जुन्या एसींवर ऑफिस चालवून बघा. पंखे आणि ताज्या हवेचा डक्ट त्या महिन्यातच लागू शकतात. मग एसीवाल्यांना बोलवा आणि प्रत्येकाकडून हीट लोड शीट लेखी मागा, त्यात स्लॅबचा यू व्हॅल्यू (त्यातून किती उष्णता आरपार जाते तो आकडा), काचेचा एसएचजीसी आणि ताज्या हवेचे सीएफएम या तीन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. जो शंभर स्क्वेअर फुटाला एक टन असं तोंडी सांगतो त्याला चहा पाजून पाठवा. आउटडोअर युनिट कुठे बसणार तेही आधी विचारा, दोन बिल्डिंगमधल्या अरुंद डक्टमध्ये सहा युनिट कोंबले की ते एकमेकांची गरम हवा ओढतात, आणि गच्चीत ठेवताना स्टँडसाठी नवीन वॉटरप्रूफिंगला ड्रिल मारू देऊ नका, सिमेंटच्या ब्लॉकवर ठेवा. लोड वाढत असेल तर महावितरणचा मंजूर भार आणि बिल्डिंगची मेन केबल इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पण मी सांगितलेल्या क्रमाने गेलात तर तो बहुतेक वाढणार नाही.

गच्चीचे फोटो, आता असलेल्या एसींचं मॉडेल आणि वय, आणि लॉगरची दोन आठवड्यांची शीट इथे टाकलीत तर कोट की इन्सुलेशन आणि डक्ट कुठून काढायचा ते नेमकं सांगतो.